धूर की थंडी? डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या आयुष्यातला राहून गेलेला धडा

डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या बहुतेकांना माहीत आहे. मुलींच्या तालिमीची मिसाल म्हणून आम्ही शिक्षक मंडळी वर्गात त्यांची गोष्ट सांगतो. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी आई, एकविसाव्या वर्षी डॉक्टर आणि बावीस पूर्ण व्हायच्या आत मृत्यू. एवढं सांगितलं की वर्गात एकदम शांतता होते. मग आम्ही मुलींना म्हणतो, बघा, शिकण्यासाठी माणसाने किती सोसलं. तास संपतो.

पण ह्या चरित्रात आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर सहसा कोणी बोलत नाही. ती गोष्ट आहे श्वासाची. बंद खोली, खोलीतला धूर आणि छातीचा आजार ह्यांची. आपल्या बीड जिल्ह्यात आजही हजारो घरांत ही गोष्ट रोज सकाळ-संध्याकाळ घडते, म्हणून आज आनंदीबाईंचं आयुष्य ह्या बाजूने बघू या.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. घराणं कल्याणचं, एके काळी जमीनजुमला असलेलं, पण तोवर परिस्थिती उतरलेली. नऊ वर्षांची असताना तिचं लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी लागलं. गोपाळराव टपाल खात्यात कारकून, बिजवर आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव हा मोठा विचित्र माणूस. त्या काळात बायकोने पुस्तक हातात घेतलं तरी लोक नावं ठेवायचे, आणि हे गृहस्थ बायकोने शिकलंच पाहिजे म्हणून हट्टाला पेटलेले. हट्टही साधा नव्हता. अभ्यास सोडून ती स्वयंपाकात रमली म्हणून ते तिला मारायचे. शिकवण्यासाठी मारणं हेही मारणंच, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही. पण आनंदी शिकली आणि शिकता शिकता तिला त्याची गोडी लागली. मराठी, संस्कृत आणि इंग्रजी तिला चांगलं येऊ लागलं.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. वेळेवर नीट वैद्यकीय मदत मिळाली असती तर बाळ वाचलं असतं, ही गोष्ट तिच्या मनात घर करून बसली. त्या काळी बाई आजारी पडली तर पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज वाटायची, आणि बाई डॉक्टर तर जवळपास नव्हतीच. बायका दुखणं अंगावर काढायच्या आणि त्यातच जायच्या. आपण स्वतः डॉक्टर व्हायचं, हे आनंदीने तिथून ठरवलं.

त्या काळची बाळंतिणीची खोली कशी असायची, हेही इथे सांगायला हवं. घरातली सगळ्यात अंधारी खोली. वारा लागू नये म्हणून खिडकी बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या. खाटेखाली विस्तवाची शेगडी, त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंगाची धुरी. आई आणि दिवसाचं बाळ दोघं त्या धुरात. ही पद्धत एका धर्माची किंवा एका जातीची नव्हती. आपल्या मोहल्ल्यातही जच्चाच्या खोलीत चिल्ला होईपर्यंत दार-खिडकी लावून लोबान फिरवलेलं आम्ही पाहिलं आहे. भावना चांगलीच असते, आई-बाळाला नजर लागू नये, थंडी बाधू नये. पण दहा दिवसांच्या बाळाची फुप्फुसं किती एवढीशी असतात, त्याला तो धूर कसा झेपावा, हा विचार मागे पडतो.

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भुज आणि पुढे कलकत्ता. १८८० साली गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनरीला पत्र लिहिलं. बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत कराल का, असं त्यात विचारलं होतं. ते पत्र एका अमेरिकन मासिकात छापून आलं. न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी दंतवैद्याकडे नंबर यायची वाट बघत असताना ते मासिक चाळलं आणि पत्र त्यांच्या नजरेला पडलं. पंधरा वर्षांच्या ह्या मुलीची तळमळ त्यांना भिडली. त्यांनी स्वतःहून आनंदीला पत्र लिहिलं. दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला, आणि पुढे कार्पेंटरबाई आनंदीच्या मावशीच झाल्या.

कलकत्त्यात आनंदीची तब्येत बिघडू लागली. अशक्तपणा, सारखी डोकेदुखी, मधूनमधून ताप आणि कधी कधी धाप लागायची. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधं पाठवली, पण गुण आला नाही. अशा तब्येतीत तिने परदेशी जायची तयारी केली. विरोध तर चारही बाजूंनी होता. समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं, असं स्वकीय म्हणत. धर्म बदलला तर वाट सोपी होईल, असं मिशनरी सुचवत. फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात सतरा वर्षांच्या ह्या मुलीने उभं राहून जाहीर भाषण केलं. भारतात बाई डॉक्टरांची गरज का आहे, आणि आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, हे तिने न घाबरता सांगितलं. लोकांनी पैसे दिले. एप्रिल १८८३ मध्ये नवरा बरोबर नसताना ती कलकत्त्याहून बोटीत बसली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचली.

फिलाडेल्फियाचं वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया हे १८५० साली खास स्त्रियांसाठी सुरू झालेलं कॉलेज. तिथल्या डीन रेचल बॉडली यांनी आनंदीला प्रवेश दिला. ह्या कॉलेजात दूरदूरच्या देशांतल्या मुली येत. १८८५ सालचा एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. जपानच्या केई ओकामी, दमास्कसच्या सबात इस्लामबुली आणि साडी नेसलेल्या आपल्या आनंदीबाई. पूर्वेकडच्या तीन बायका तेव्हा डॉक्टर व्हायला सातासमुद्रापार बसल्या होत्या. आमच्या मुलींना हा फोटो आम्ही आवर्जून दाखवतो.

आता ती खोली. फिलाडेल्फियाची थंडी हाडं गोठवणारी, बाहेर बर्फ. आनंदीबाईंच्या राहण्याच्या खोलीत शेकोटी होती, पण तिची बांधणी नीट नव्हती. पेटवली की धूर वरच्या नळीतून बाहेर जायच्या ऐवजी खोलीत पसरायचा. विझवली की थंडी. म्हणजे दोनच वाटा, धूर सोसा नाहीतर गारठा. खिडकी उघडावी तर बर्फाचा वारा आत. अंगावर साडी, जेवण शाकाहारी आणि तेही जेमतेम, डोळ्यांसमोर अभ्यासाचा डोंगर. आधीच धाप लागणाऱ्या त्या छातीने हे सगळं झेललं. तब्येत खालावत गेली, पण पुस्तक काही सुटलं नाही.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाईही होत्या. इंग्लंडच्या राणीकडून अभिनंदनाचा निरोप आला. त्यांचा प्रबंध आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर होता. दहा दिवसांचं बाळ गमावलेल्या आईने बाळंतपणावरच प्रबंध लिहावा, ह्यातच सगळं आलं. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पुरं केलं. पाश्चात्त्य वैद्यक शिकून डॉक्टर झालेल्या ह्या आपल्या देशाच्या पहिल्या दोन बायका.

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली होती. १८८६ च्या अखेरीस त्या भारतात परतल्या. ज्यांनी नावं ठेवली होती ते लोक आता हार घेऊन उभे होते. पण तोवर क्षयाने शरीर पोखरलं होतं. कोल्हापूरच्या वॉर्डात त्यांना पाऊल टाकता आलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेत पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी त्या घराण्याच्या दफनभूमीत त्यांचं स्मारक आहे. ज्या बाईंनी एक पत्र वाचून त्यांना आपलं मानलं, त्यांनी अखेरपर्यंत नातं निभावलं.

आता थोडं आजाराबद्दल, कारण इथे गैरसमज नको. क्षय म्हणजे टीबी धुराने होत नाही, तो जंतूने होतो. हा जंतू जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला, म्हणजे आनंदीबाई बोटीत बसल्या त्याच्या एकच वर्ष आधी. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. पण जंतू कळला तरी औषध मिळायला आणखी साठ वर्षं लागली. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा. आनंदीबाईंच्या काळात डॉक्टरांच्या हातात चांगलं अन्न, विश्रांती आणि मोकळी हवा एवढंच होतं.

मग धुराचा संबंध काय? संबंध दोन बाजूंनी आहे. पहिली बाजू अशी की रोज धूर ओढणाऱ्या फुप्फुसांची राखण करणारी यंत्रणा कमजोर होते. श्वासनळीत केसासारखे बारीक धागे असतात, ते आत आलेली घाण बाहेर ढकलत असतात. धुराने ते लुळे पडतात. मग जंतूला आत ठाण मांडणं सोपं जातं. दुसरी बाजू खोलीची. टीबीचा रोगी खोकतो, बोलतो, शिंकतो तेव्हा जंतू असलेले अतिसूक्ष्म थेंब हवेत सुटतात. बंद, अंधाऱ्या खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात. हवा खेळती असेल तर ते पातळ होऊन निघून जातात, आणि ऊन त्या जंतूला मारतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याचं पहिलंच प्रकरण खोलीतल्या हवेवर होतं. त्याच्याही आठशे वर्षं आधी इब्न सिना यांनी आपल्या अल-कानूनमध्ये माणसाच्या भोवतालची हवा हा तब्येतीचा एक पाया मानला होता. सांगायचा मुद्दा हा की ही गोष्ट नवी नाही. आपण विसरलो आहोत एवढंच.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. गेवराई, माजलगाव, केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी, कुठल्याही गावात पहाटे चक्कर मारा. घराघरातून धूर निघताना दिसेल. पळाट्या, तुराट्या, गोवऱ्या, बाभळीचं लाकूड, जे मिळेल ते चुलीत जातं. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि गॅस आपल्या गावांत पोचला, हे खरंच. पण सिलिंडर पुन्हा भरायचं म्हणजे एका दमात मोठी रक्कम मोजावी लागते. म्हणून गॅस चहाला आणि पाहुण्यांना, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. हे आम्ही कोणाला नावं ठेवण्यासाठी सांगत नाही. हा पैशाचा हिशोब आहे, तो ज्याचा त्यालाच कळतो.

दिवाळीच्या सुमाराला जिल्ह्यातून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. तिथे कोपी घालतात. उसाच्या पाचटाची, ताडपत्रीची एवढीशी कोपी, वाकून आत जायचं, खिडकी नाही. पहाटे तीन-चारला त्यातच किंवा तिच्या दाराशी चूल पेटते. आई भाकरी थापते, शेजारी लेकरं झोपलेली असतात. आमच्या वर्गातली काही मुलं दिवाळीनंतर दिसेनाशी होतात ती तिकडेच असतात. परत येतात तेव्हा काहींचा खोकला महिनाभर हटत नाही.

धुरात नेमकं काय असतं? सगळ्यात घातक म्हणजे पीएम २.५ नावाचे कण. माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तिथून रक्तात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की चोवीस तासांची सरासरी एका घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅमच्या वर नको. बंद स्वयंपाकघरात चूल पेटली की हा आकडा काही शेकड्यांवर जातो. ह्याच संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली. त्यांत पाच वर्षांखालची दोन लाखांहून जास्त मुलं होती. न्यूमोनिया, दमा, सीओपीडी, हृदयविकार, पक्षाघात, मोतीबिंदू, ह्या सगळ्यांमागे हा धूर आहे. बिडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्या आपल्या आई-आजींना म्हातारपणी धाप का लागते, त्याचं उत्तर बऱ्याचदा चुलीत सापडतं.

आणि धूर फक्त चुलीचा नसतो. डासांची कॉइल रात्रभर बंद खोलीत जळते, तिचा धूर कितीतरी सिगारेटी ओढण्यासारखा असतो. लोबान, ऊद, अगरबत्ती ह्यांचा सुगंध चांगला, पण ते जळतात म्हणजे त्यांचाही धूरच. घरात बसून कोणी बिडी ओढत असेल तर ती सगळं घर ओढतं. हिवाळ्यात कोळशाची शेगडी खोलीत ठेवून दार लावून झोपणं तर जिवावरचा खेळ. त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

मग करायचं काय? सगळं एका दिवसात होणार नाही, पण बरंचसं फुकटात होतं.

आपल्या जुन्या माळवदाच्या घरांना छताला साणं असायचं. धूर वर निघून जायचा आणि उजेड आत यायचा. आता पत्र्याची आणि स्लॅबची घरं झाली. साणं गेलं, त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. स्वयंपाकघरात छताजवळ एक झरोका आणि समोरासमोर दार-खिडकी एवढं केलं तरी हवा खेळते. चूल सोडता येत नसेल तर ती घराबाहेर, छपराखाली घ्या. लाकूड वाळवून वापरा, ओलं लाकूड जास्त धुमसतं. चुलीत प्लास्टिक आणि रबर घालू नका. स्वयंपाक चालू असताना तान्हं मूल कडेवर किंवा जवळ नको. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. लोबान फिरवायचं तर खिडक्या उघडून, आणि जच्चाच्या खोलीत नकोच. तिथे ऊब हवी तर पांघरूण आहे, कपडे आहेत. दिवसातून थोडा वेळ तरी तिथली खिडकी उघडू द्या. बाळाला आणि आईला ऊन मिळू द्या.

आम्ही शिक्षकांनीही वर्गाच्या खिडक्या हिवाळ्यात लावून घ्यायची सवय सोडायला हवी. एका खोलीत पन्नास-साठ लेकरं बसतात. एकाचा खोकला सगळ्यांचा व्हायला किती वेळ लागतो? एका बाजूची खिडकी उघडी, दुसऱ्या बाजूचं दार उघडं, बस्स.

आणि कुणालाही दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी फुकट, औषध फुकट. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला पैसेही खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० रुपये झाले आहेत. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो, तो मध्येच सोडू नका. आजार लपवू नका. लग्न जमणार नाही म्हणून मुलीचा खोकला लपवणारी घरं आपल्याकडे आहेत, आणि त्याची किंमत ती मुलगीच मोजते.

आपला जिल्हा बालविवाहांसाठी राज्यात बदनाम आहे. कमी वयात लग्न, लगेच बाळंतपण, पुढचं सगळं आयुष्य चुलीपुढे. आनंदीबाईंना सोसावं लागलं त्यातलं बरंच काही आपल्या मुली आजही सोसतात. फरक एवढाच की आनंदीबाईंच्या वेळी टीबीवर औषध नव्हतं आणि धुराची दोन कारणं सांगणारं कोणी नव्हतं. आज औषध तालुक्याच्या दवाखान्यात आहे आणि माहिती आपल्या सगळ्यांच्या हातात आहे.

पुढच्या वेळी वर्गात आनंदीबाईंची गोष्ट सांगताना आम्ही फिलाडेल्फियाच्या त्या खोलीचीही गोष्ट सांगणार आहोत. मग मुलींना एकच काम देणार आहोत. घरी जाऊन बघायचं की आपल्या स्वयंपाकघरातला धूर कुठून बाहेर जातो. जात नसेल तर अब्बूंना, वडिलांना, भावाला सांगायचं की तिथे एक झरोका पाडा. वाचकहो, मुलगी हे सांगायला आली तर तिला उडवून लावू नका.